पडद्यावरची अराबा

आक्रा,
३ सप्टेंबर १९९६

ती. अराबाताईस,
धाकट्या एबोचा शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या मासळीचा धूर गाडीत आणि माझ्या अंगात असा मुरलाय की ऑफिसातली माणसं मी जवळ आलो की खिडक्या उघडतात. मी त्यांना सांगितलं की हा माझ्या बहिणीच्या भट्टीचा वास आहे, ज्याला सोसत नसेल त्यानं शहरातली मासळी खाऊन मरावं. अजोआनं त्यातले दोन मासे मक्याच्या केंकेबरोबर उभ्याउभ्याच संपवले आणि आत्याकडे पुन्हा कधी जायचं म्हणून पिच्छा पुरवलाय.

ताई, तू कॅमेऱ्यापुढे जे बोललीस त्याला तोड नाही. मी बारा वर्षं टेलिव्हिजनात काढली, मंत्र्यांना बोलताना पाहिलं, पण असं कुणी बोललं नाही. एक वाक्य तुला तीनदा म्हणायला लावलं म्हणून रागावू नकोस. खाडीवरचा वारा माइकमध्ये शिरत होता. गेल्या वर्षी आपल्या सुआनोच्या खाडीत होडी उलटली, चर्चच्या गायनाला निघालेली सहा मुलं गेली, त्यात तुझी लेक, आपली एफुआ गेली, आणि इथं आक्र्यात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. माझी फिल्म लोकांनी पाहिली की सरकारला पूल बांधावाच लागेल. निवडणुकीचे दिवस आहेत. आत्ता नाही ऐकणार तर कधी ऐकणार?

एफुआचा फोटो माझ्याकडे नीट आहे. काम झालं की परत पाठवतो. कोबिना भाऊजी अबिजानच्या बाजूला मासेमारीला गेलेत, त्यांचा काही निरोप? सोबत छापील कापड पाठवतो आहे. भट्टीपुढे नेसू नकोस, रविवारी नेस.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
एबो


सुआनो,
२१ सप्टेंबर १९९६

चि. एबोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

कापड मिळालं. रंग चांगला आहे, पण तू स्वतः निवडलेलं नाहीस हे मला पहिल्या नजरेत कळलं. फ्लोरेन्सला लंडनच्या नर्सिंगच्या अभ्यासाला जाण्याआधी एवढं काम सांगितलंस काय? तिला माझा आशीर्वाद सांग. पोरीला मागे ठेवून जाताना तिचा पाय निघाला कसा, देव जाणे.

इकडची बातमी म्हणजे आपले बेंटिल मास्तर निवडणुकीला उभे राहिलेत. शाळेत जन्म गेला, सभेत बोलताना अजून हात मागे बांधून उभे राहतात, जणू साहेब तपासणीला आलाय. त्यांच्यासमोर एसिलफी वकील आहेत. त्यांच्याकडे माणसं, मोटारी, ढोल सगळं आहे. मास्तरांकडे एक सायकल आणि पुलाचा अर्ज, तोच जो ते सात वर्षं पाठवताहेत.

मास्तरांची बायको, एस्तरबाई, दर रविवारी प्रार्थनेनंतर माझ्याकडे येऊन बसते. फारसं बोलत नाही. मासे पालटायला मदत करते आणि जाते. परवा मास्तरही आले. तू फिल्म काढलीस हे त्यांच्या कानावर गेलंय. माझ्याबद्दल काय सांगितलंस म्हणून चाचरत विचारलं. मी म्हटलं, जे झालं ते सांगितलं, सगळं सांगितलं, घाबरायचं कारण नाही, फिल्म पुलाची आहे. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. गावात दाखवाल तेव्हा पुढच्या बाकावर बसायला बोलाव म्हणाले.

फोटो लवकर पाठव. एफुआचा तेवढाच एक आहे. भिंतीवर खिळा मोकळा दिसतो.

तब्येतीला जप. कुणाच्या तरी हातचं वेळेवर खात जा.
तुझी ताई,
अराबा


आक्रा,
१५ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, ओरडू नकोस. दिवसरात्र एडिटिंगच्या खोलीत आहे.

फिल्म तयार झाली. मी दीड तासाची केली होती, ती आता अर्ध्या तासाची झाली आहे. टेलिव्हिजननं पैसे द्यायचे नाकारले, तेव्हा एसिलफी वकिलांच्या प्रचाराचं काम बघणारे क्वांसासाहेब पुढे आले. त्यांनी मशीन दिलं, पडदा दिला, गावोगाव फिरायला माणसं दिली. साहजिकच दोन गोष्टी त्यांच्या मनासारख्या कराव्या लागल्या. त्यांचं म्हणणं असं की उघड्यावर बसलेल्या माणसाला अर्ध्या तासात एकच गोष्ट कळते, दोन कळत नाहीत. या धंद्यात ते माझ्यापेक्षा मुरलेले आहेत.

त्यांची माणसं पुढच्या शनिवारी होडीतून सामान घेऊन सुआनोला येतील. तू पहिल्या दिवशी नाही गेलीस तरी चालेल. गर्दी असेल, तुला त्रास होईल. घरीच थांब. मी नंतर तुला शांतपणे सगळं समजावून सांगीन.

अजोआ मजेत आहे. वर्गात दुसरी आली.

माझ्याबद्दल मन मोठं ठेव.
एबो


सुआनो,
२८ ऑक्टोबर १९९६

एबोस,
आशीर्वाद.

मी गेले. तू नको म्हणालास म्हणून तर गेलेच. आणि मास्तरांना आणि एस्तरबाईला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आम्ही तिघं पुढच्या बाकावर बसलो.

अंधार पडल्यावर मशीन सुरू झालं. आधी माझी एफुआ आली, घराएवढी. मग बायकांनी हंबरडा फोडला. मग मी आले. मी म्हणाले की मास्तरांनी माझ्या लेकीचा हात सोडला. लगेच मास्तर आले, कुणाच्या तरी लग्नात नाचतानाचे, दात काढून हसताना. पुन्हा मी, तेच वाक्य. पुन्हा ते हसताहेत. तिसऱ्यांदा मी. वारा माइकमध्ये शिरत होता ना, एबो? तिन्ही वेळचं स्वच्छ ऐकू आलं. शेवटी ढगातून यावा तसा आवाज आला, ज्यानं मूल सोडलं तो गाव धरेल काय म्हणून.

माझं पुढचं बोलणं कुठं गेलं? मी तुला काय सांगितलं होतं ते पुन्हा लिहिते, कारण तू विसरलेला दिसतोस. होडी उलटल्यावर मास्तरांनी आधी दोन मुलं काठाला लावली. परत गेले तेव्हा त्यांच्या एका हाताला एफुआ लागली आणि दुसऱ्या हाताला अजोआ, तुझी अजोआ, जी सुट्टीला माझ्याकडे आली होती. दोघींना घेऊन ते खाली जायला लागले. तिघंही गेले असते. एफुआ हातपाय मारत होती, अजोआची शुद्ध गेली होती. मास्तरांना वाटलं एफुआ क्षणभर तग धरेल. त्यांनी तिला सोडलं, तुझ्या मुलीला काठावर टाकलं आणि परत पाण्यात शिरले. एफुआ मिळाली नाही. हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन माझ्या दारात येऊन मला सांगितलं, आणि मी त्यांना त्याच दिवशी माफ केलं. हे सगळं मी तुझ्या कॅमेऱ्यात सांगितलं आणि म्हणाले की माणसाला दोनच हात असतात, म्हणून पूल हवा.

अजोआ वाचली तेव्हा तू तर आभाराची श्नॅप्सची बाटली घेऊन मास्तरांच्या पायाशी गुडघे टेकले होतेस. सगळ्या गावानं पाहिलंय. आता गाव काय म्हणतंय ऐक. म्हणतात की ज्याची पोरगी मास्तरांनी वाचवली तोच बाप जर मास्तरांना खुनी म्हणतोय, तर ते खोटं कसं असेल? आणखी म्हणतात की कोळ्याची पोर टाकून टेलिव्हिजनवाल्याची पोर उचलली, बक्षिसाच्या आशेनं.

फिल्म संपली तेव्हा मास्तर जागचे उठले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एस्तरबाईनं पाहिलं. तसं कुणी माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

ती फिल्म थांबव. माझं सगळं बोलणं दाखव. आपलं घराणं बहिणीच्या पोटातून चालतं, एबो. एफुआ तुझ्या घरची होती. तिला असं गावोगाव विकू नकोस.

अराबा


आक्रा,
५ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. दोनदा वाचलं. तुझा राग मला समजतो, आणि मोठ्या बहिणीनं रागवायचं नाही तर कुणी रागवायचं?

पण डोकं शांत ठेवून विचार कर. फिल्ममध्ये खोटा शब्द एक तरी आहे काय? प्रत्येक शब्द तुझा आहे. मास्तरांनी हात सोडला हे त्यांनी स्वतःच तुला सांगितलं. मी फक्त लांबण कमी केली. मास्तर भला माणूस आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण ते आपल्या पायांनी राजकारणात उतरले. तिथं उतरल्यावर कपडे कोरडे राहत नाहीत. निवडणूक झाली की सगळे विसरतील, मास्तर पुन्हा फळ्यापुढे उभे राहतील. एसिलफी वकील निवडून आले की पूल होईल. पूल कुणी बांधला याच्याशी एफुआला काय करायचंय?

क्वांसासाहेबांनी मला सांगून ठेवलंय की डिसेंबरनंतर टेलिव्हिजनात माहितीपटांचा विभाग माझ्या हाती येईल. मग मी तुझं संपूर्ण बोलणं, अगदी दीड तासाचं, सगळ्या देशाला दाखवीन. तोपर्यंत गप्प बस, एवढीच विनंती. कुणी विचारलं तर रड, बोलू नकोस.

एक गोष्ट. आपण वाहत वाहत काठाला लागलो असंच अजोआला वाटतं. ते तसंच राहू दे. लहान जीव आहे.

एफुआच्या फोटोची काळजी करू नकोस. त्याची पोस्टरं छापायला दिलीत, तिथून परत आला की पाठवतो.

माझ्यावर लोभ केलास तसा करत राहा.
तुझाच,
एबो


सुआनो,
२४ नोव्हेंबर १९९६

एबोस,

गप्प बसले नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर उभी राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. माणसं ऐकून घेतात, मान हलवतात आणि बाहेर पडल्यावर हसतात. मासळीबाजारात एकीनं मला तोंडावर विचारलं की मास्तरांनी तांदळाची किती पोती दिली. मी म्हटलं, अगं, ती फिल्ममध्ये बोललेली मीच आहे. तर ती म्हणाली की ती रडत होती, तू कुठं रडतेयस? पडद्यावरची अराबा खरी आणि ही विकत घेतलेली, असं आता पोरंसोरंही म्हणतात. मास्तर दिसले की पोरं हात वर करतात आणि सोडून देतात. त्यांचा तो खेळच झालाय.

आता पुढचं लिहिते. तुझे भाऊजी परवा परत आले. वाटेत तीन बंदरांवर त्यांनी तुझी फिल्म पाहिली. माझ्या नवऱ्यानं आपली मेलेली पोर तीन बंदरांवर पाहिली आणि वर्षभर त्यांना न सांगितलेलं मी सांगायच्या आधी ते होडीतून उतरले ते थेट मास्तरांच्या घरी गेले. बरोबर एसिलफीची माणसं होती, ढोल वाजवत. मास्तरांना ओढत किनाऱ्यावर आणलं. उजवा हात होडीच्या काठावर धरून ठेवला आणि कोबिनानं वल्ह्यानं मोडला. एकदा नाही. ढोल थांबला नाही, म्हणून मला आधी कळलंच नाही. मी पळत गेले तेव्हा एस्तरबाई त्यांच्या अंगावर पडली होती आणि लोक तिला सांगत होते की आता बघ हात सुटल्यावर कसं वाटतं.

मिशनच्या डॉक्टरांनी हात कोपराच्या खाली कापला.

पोलिसांनी कोबिनाला धरून नेलंय. जायच्या आधी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या हाताला कोण होतं, मास्तर परत पाण्यात कसे शिरले, माझ्या दारात येऊन काय म्हणाले. ते ऐकत राहिले. मग जमिनीवर बसले. अजोआचा बापच फिल्म काढणारा का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

मला माझ्या बोलण्याची टेप पाठव, कापलेली नको, पूर्ण. लोक माझं ऐकत नाहीत, पडद्याचं ऐकतात. तर पडद्यावरच दाखवीन. भावाकडून मी दुसरं काही मागत नाही.

अराबा


आक्रा,
१४ डिसेंबर १९९६

ती. अराबाताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी तुला आधीच कळली असेल. एसिलफी वकील प्रचंड मतांनी आले. सुआनोच्या पेटीत मास्तरांना फक्त नऊ मतं पडली म्हणे. तुझं धरून! थट्टा केली, मनावर घेऊ नकोस.

मास्तरांचं ऐकून मला रात्रभर चैन पडलं नाही. असं व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. क्वांसासाहेबही हळहळले. मी त्यांच्या कानावर घातलं म्हणून तर भाऊजी सुटले, तक्रार मागे घ्यायला लावली. एवढंच नाही, वकीलसाहेब खाडीवरच्या होडीसाठी नवीन मोटार देताहेत आणि ती चालवायचं काम भाऊजींना. पुलाचं पुढच्या अंदाजपत्रकात बघतील. तोपर्यंत मोटारीनं सोय होईल.

टेपबद्दल लिहायचं टाळत होतो. निकालाच्या दिवशी मिरवणूक टिपायला कोऱ्या टेपा कमी पडल्या. माझ्या पोऱ्यानं कपाटातल्या उचलल्या. तुझ्या बोलण्यावर आता वकीलसाहेबांची मिरवणूक आहे. मी त्याला खूप बोललो. पण ताई, तुला तर सगळं तोंडपाठ आहे. पुन्हा कधीतरी घेऊ, याहून चांगल्या प्रकाशात.

फोटोही छापखान्यात गहाळ झालाय. पोस्टर मात्र आहे, ते पाठवतो. फोटोपेक्षा मोठं आहे.

आता माझं एक काम. नवीन विभागाच्या गडबडीत मला नाताळात घरी बसता येणार नाही, आणि फ्लोरेन्स लंडनला. अजोआला ओळखीच्या बसवाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवतो आहे. तिला तुझ्या हातची मासळी हवी आहे. तुझंही मन रमेल. जानेवारीत शाळा उघडायच्या आधी येऊन घेऊन जाईन.

नव्या वर्षात जुनं सगळं धुऊन टाकू.
तुझा लाडका,
एबो


सुआनो,
३० डिसेंबर १९९६

एबो,

तुझी मुलगी पोचली. मी पलीकडच्या काठावर तिला घ्यायला गेले होते, पण माझ्या आधी गावातली पोरं पोचली होती. तिच्याभोवती रिंगण करून ती एकमेकांना सांगत होती की हीच ती, हिच्यासाठी एफुआला सोडलं. मी पोरांना हाकललं. होडीत अजोआ मला चिकटून बसली. कोबिना मोटार चालवत होते.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं की ती पोरं काय म्हणत होती. मी तिला मास्तरांकडे नेलं. वाटलं, सांगायचा अधिकार त्यांचा. मास्तर सामान बांधत होते, डाव्या हातानं, दोरी दातात धरून. त्यांनी अजोआला जवळ बसवलं आणि सांगितलं की पोरं काहीही बोलतात, तू स्वतः पोहत काठाला आलीस, फार शूर मुलगी आहेस. मग तिनं त्यांच्या हाताचं विचारलं. यंत्रात सापडला म्हणाले. एवढं झाल्यावरही ते तुझ्या मुलीसाठी खोटं बोलले. एस्तरबाईनं तिला खायला दिलं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण परत येताना चर्चच्या भिंतीवर तुझं पोस्टर होतं, एफुआचं, त्याच्याखाली वकिलाचं नाव. अजोआ त्याच्यापुढे उभी राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. कोणी कोणाला धरलं, कोणी कोणाला सोडलं, मास्तरांचा हात कुणी मोडला आणि तो मोडावा म्हणून फिल्म कुणी काढली. तुझं नाव घेतलं. नऊ वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं, आणि सांगताना मला दया आली नाही. तिनं विचारलं की मग एफुआच्या जागी ती का. मी उत्तर दिलं नाही. मला द्यायचं नव्हतं. आता ती रात्री माझ्या कुशीत येऊन झोपते आणि मी तिला जवळ घेते, पण तो प्रश्न तसाच ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाव सोडून गेले. होडीवाले त्यांना घेईनात, कोबिना तोंड दाखवू शकत नव्हते. भर उन्हात वाळूवरून चालत गेले, पेटी एस्तरबाईच्या डोक्यावर. सगळा गाव काठावर उभा होता.

तू तुझ्या मुलीला न्यायला स्वतः ये. माणूस पाठवलास तर मी पाठवणार नाही, तीही जाणार नाही. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. पूल नाही, तेव्हा कोबिनाच्या होडीतून यावं लागेल. ते रोज मोटार पुसून ठेवतात आणि एबो कधी येतोय म्हणून विचारतात. नाहीतर वाळूवरून चालत ये, मास्तर गेले त्या वाटेनं.

अराबा


आक्रा,
९ जानेवारी १९९७

ती. अराबाताईस,
धाकट्या एबोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही सगळे कुशल आहात हे वाचून बरं वाटलं. इथं हरमटानचा वारा सुरू झालाय, ओठ फुटलेत, घसा धरलाय.

मी फार विचार केला. फ्लोरेन्स दोन वर्षं तरी येत नाही. माझं काम असं की घरी यायची वेळ ठरलेली नाही, आणि पुढच्या महिन्यात उत्तरेकडे नवीन फिल्मसाठी जायचंय. अशा घरात मुलीची आबाळ होईल. तुझं घरही रिकामं आहे. तेव्हा अजोआ तुझ्याकडेच राहू दे. आपल्यात आत्यानं भावाची मुलं वाढवणं काही नवीन नाही. तिला तिथल्याच शाळेत घाल. नवे मास्तर चांगले आहेत असं वकीलसाहेब म्हणाले.

तिचे कपडे आणि वह्या बसवाल्याकडे दिल्यात. पलीकडच्या काठावर उतरवून घे. मी तिला स्वतंत्र पत्र लिहिणार होतो, पण आज जमत नाहीये. बाबा कामात आहेत एवढं सांग. समजूतदार आहे, समजून घेईल.

भाऊजींना माझा नमस्कार सांग. वाट पाहू नका म्हणावं.

सगळ्यांचा लोभ असाच राहावा ही विनंती.
तुझा धाकटा,
एबो